चूक परवडणारी गाडी

जुनी गाडी बघायला जाताना मी खिशात एक स्क्रू ड्रायव्हर ठेवतो. त्याचं टोक लागत नाही, मूठ लागते. गाडीशेजारी गुडघे टेकून बसायचं आणि दाराखाली पत्र्याची जी लांब पोकळ पेटी असते, जिला इथे इंग्लंडमधले मेकॅनिक सिल म्हणतात, तिच्यावर पुढून मागे हलके ठोके देत जायचं. टण्, टण्, टण्. मागचं चाक वीतभर अंतरावर आलं की कान टवकारायचे. तिथे आवाज बसका आला, धप्प झाला, तर समजायचं की आत पत्रा उरलेला नाही. गंजाने खाल्लेल्या जागी लांबी भरून वरून रंग मारलेला आहे. आपल्याकडे मडकं वाजवून घेतात, तशी ही गाडी वाजवून घ्यायची असते.

बारा वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या एका गावात, पावसाची झिमझिम चालू असताना, मी एक लाल माझदा एमएक्स-५ अशी वाजवून घेतली. १९९१ची, दोन आसनांची, कापडी टपाची. डाव्या बाजूचा आवाज खणखणीत होता, उजवीकडे मागच्या टोकाला जरा बसका. मालकाने ९०० पौंड सांगितले. चांगला लॅपटॉप घ्यायला गेलो असतो तरी तेवढेच लागले असते. मी पैसे मोजले आणि गाडी घरी आणली.

त्यानंतर मी तिच्यावर बऱ्याच चुका केल्या आणि त्या चुकांतून गाडी म्हणजे काय ते मला कळलं. नवी, महागडी गाडी घेतली असती तर तिच्या एका बोल्टलाही हात लावायची छाती झाली नसती. स्वस्त, जुन्या स्पोर्ट्स कारचं खरं मोल मला इथे दिसतं: तिच्यावर केलेली चूक परवडते. दुरुस्तीतली परवडते आणि, जागा नीट निवडली तर, चालवण्यातलीही परवडते. जिथे चूक परवडते तिथेच माणूस निर्धास्तपणे शिकतो. ही गाडी अशी का घडली, स्वस्त का झाली आणि तिच्याकडून काय शिकता येतं, ते या प्रकरणात पाहू.

एक रिकामी जागा

दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमधून मायदेशी परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी एमजीच्या छोट्या उघड्या गाड्यांची आवड सोबत नेली. त्या फार वेगवान नव्हत्या, पण हलक्या होत्या, जमिनीलगत धावायच्या आणि वळणावर चालवणाऱ्याला सामील करून घ्यायच्या. पुढची तीन दशकं ब्रिटिश कारखान्यांनी अशा गाड्या लाखोंनी बनवल्या. १९५८ची ऑस्टिन-हीली स्प्राइट हे त्यातलं हुशारीचं उदाहरण. तिचं इंजिन ऑस्टिन ए-३५ या साध्या घरगुती गाडीचं आणि स्टिअरिंग मॉरिस मायनरचं होतं. तयार, स्वस्त भागांतून वेगळी गाडी जुळवायची आणि किंमत खाली ठेवायची, हा तो मार्ग. १९६२मध्ये एमजीबी आली आणि १९८०पर्यंत चालली. तेवढ्या काळात पाच लाखांहून अधिक बनल्या.

मग हा झरा आटला. सुरक्षेचे आणि धुराचे अमेरिकी नियम कडक झाले, तेव्हा जुन्या आराखड्यांवर नवे भाग चिकटवावे लागले. १९७४च्या सुमारास एमजीबीला रबराचे जाड बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवावी लागली, त्यामुळे वळणावरची तिची चपळाई गेली. १९८०मध्ये एमजीचा अॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. स्वस्त, उघड्या, दोन आसनी गाडीची जागा बाजारात रिकामी राहिली.

ती जागा रिकामी होतेय हे आधीच हेरणारा माणूस कारखानदार नव्हता. बॉब हॉल हे अमेरिकन मोटार-पत्रकार. त्यांना जपानी भाषा उत्तम येत होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात माझदाचे केनइची यामामोतो यांनी त्यांना विचारलं की आमच्या कंपनीने पुढे कोणती गाडी बनवावी. रोटरी इंजिन माझदात रुजवलं ते याच यामामोतोंनी. हॉल म्हणाले, जुन्या ब्रिटिश धाटणीची साधी, स्वस्त, उघडी स्पोर्ट्स कार आता नव्याने कुणीच बनवत नाही, ती तुम्ही बनवा. १९८१मध्ये हॉल माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत नोकरीला लागले आणि तो विषय त्यांनी सोडला नाही. कंपनीत स्पर्धा लागली. टोकियोच्या गटाने पुढच्या चाकांना ताकद देणारी एक आणि मधोमध इंजिन असलेली एक अशा गाड्या सुचवल्या. कॅलिफोर्नियाच्या गटाने जुनाच मार्ग धरला: इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. तोच मान्य झाला. पहिला चालता नमुना इंग्लंडमधल्या वर्दिंग गावच्या एका कंपनीने बांधून दिला. पुढे तोशिहिको हिराई यांच्याकडे प्रकल्प आला आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ लोकांसमोर आली. अमेरिकेत तिची सुरुवातीची किंमत १३,८०० डॉलर होती.

हिराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपलं ध्येय ‘जिन्बा इत्ताई’ या जपानी शब्दांत सांगितलं: स्वार आणि घोडा एकजीव. हा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी ‘मांड’ हा शब्द आहे. मांड पक्की बसली की लगाम ओढायच्या आधी घोड्याला स्वाराचं मन कळतं आणि घोड्याचं पाऊल चुकण्याआधी स्वाराला ते मांडीखाली जाणवतं. माझदाच्या लोकांना पत्र्याच्या गाडीत ही मांड आणायची होती.

पत्र्याखाली काय आहे

बॉनेट उघडलं की पहिल्यांदा जागा दिसते. आजच्या गाडीत इंजिनावर प्लॅस्टिकचं झाकण असतं आणि त्याखाली हात शिरत नाही. इथे चार सिलिंडरचं, १.६ लिटरचं इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं. प्लग वर, ऑइल फिल्टर मनगट वळवलं की हाताला लागेल असा खाली, रेडिएटर समोर. दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, सुमारे ११५ अश्वशक्ती. हा आकडा आज कुणाच्या नजरेत भरणार नाही. पण पूर्ण गाडीचं वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास आहे. आजची एखादी मोठी एसयूव्ही दोन टनांची असते.

हलकेपणाचा फायदा वेगापुरता नसतो, तो सगळ्या खर्चांत झिरपतो. हलक्या गाडीला लहान ब्रेक पुरतात, १४ इंची चाकं आणि १८५ रुंदीचे टायर पुरतात. ते स्वस्त मिळतात आणि लवकर झिजतही नाहीत. बोल्ट लहान, सुटे भाग हाताने उचलता येणारे. वजन कमी असल्यामुळे पॉवर स्टिअरिंगची आणि भक्कम स्प्रिंगांची गरजही कमी. एक गोष्ट हलकी केली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरीही हलकी करता येते.

या गाडीत अॅल्युमिनियमची एक लांब, जाळीदार तुळई आहे. ती गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना थेट जोडते. एरवी अशा गाडीत अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन आणि मागचा भाग आपापल्या रबरी बुशांवर किंचित पिळले जातात, आणि पायाने दिलेला हुकूम चाकापर्यंत पोचायला क्षणभर उशीर होतो. ही तुळई तो पीळ रोखते. पाय हलला की गाडी हलते. गिअरचा दांडाही इतका आखूड आहे की मनगटाच्या हालचालीत गिअर पडतो. मांड म्हणतात ती अशा बारीकसारीक जोडण्यांतून येते.

चुकीला माफी देणारी आणखी एक गोष्ट या इंजिनात आहे. कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग पट्टा रबराचा असतो. कित्येक इंजिनांत तो तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि पूर्ण इंजिन निकामी होतं. इथे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात पुरेशी जागा ठेवलेली आहे. पट्टा तुटला तर गाडी रस्त्याकडेला थांबते, नवा पट्टा घालून पुन्हा चालू होते. पट्टा बसवताना नवशिक्याचा एखादा दात इकडे तिकडे झाला तरी इंजिन नीट चालत नाही एवढंच. ते फुटत नाही. उघडून पुन्हा लावता येतं.

स्वस्ताईचा तळ

नव्या गाडीची किंमत शोरूमच्या दारातून बाहेर पडताच घसरू लागते. पहिली काही वर्षं ती वेगाने पडते, मग पंधरा-वीस वर्षांनी एका सपाट तळाला येते. त्या तळावर गाडी ‘जुनाट’ असते. ‘ऐतिहासिक’ व्हायला अजून वेळ असतो. घसरणीचा मोठा भार आधीच्या मालकांनी सोसलेला असतो, आणि बरी अवस्था राखली तर दोन वर्षांनी गाडी साधारण घेतलेल्या किमतीला विकली जाते. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा तळ जास्त खोल असतो, कारण दोन आसनांची गाडी संसाराला कामाची नाही. मूल झालं की ती विकायला निघते.

पण स्वस्त खरेदी आणि स्वस्त मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी नवशिक्यांना एकच हिशेब सांगतो. खिशात जितके पैसे असतील त्यातल्या निम्म्यांतच गाडी घ्या. उरलेले निम्मे पहिल्या वर्षी टायर, ब्रेक, पट्टे, नळ्या आणि तेलपाणी खाणार आहेत, आणि ते खाऊ द्यावेत. ज्याने सगळे पैसे खरेदीतच घातले, त्याची गाडी पहिल्या बिघाडाला ताडपत्रीखाली जाते आणि तिथेच गंजते.

घेताना काय बघायचं, तेही या गाडीपुरतं सांगतो. पत्रा आधी, इंजिन नंतर. इंजिन बदलता येतं. सांगाड्यात शिरलेला गंज काढायचा तर पत्रा छाटून नवा वेल्ड करावा लागतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात आणि तेच मीठ पत्र्याला लागतं. तीन वर्षांवरच्या गाडीची इथे दरवर्षी एमओटी नावाची सरकारी तपासणी होते. त्यात सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे अडकवलेले असतात त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. सिलचं मागचं टोक नेमकं त्या टापूत येतं.

पण हा गंज बाहेरून कमी आणि आतून जास्त येतो. कापडी टपावर पडलेलं पावसाचं पाणी आसनांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या छिद्रांत उतरतं आणि नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानं कुजून या नळ्या तुंबतात. मग पाणी मागे साचतं, आत झिरपतं आणि सिलच्या पोकळीत बसून राहतं. उपाय अगदी साधा आहे. वर्षातून दोनदा छिद्रात मऊ नायलॉनची दोरी घालून गाळ मोकळा करायचा आणि वरून तांब्याभर पाणी ओतायचं. खाली चाकापुढे स्वच्छ धार पडली, की झालं. माझ्या गाडीची उजवी नळी उघडली तेव्हा काळा चिखल आणि ओक वृक्षाची अख्खी पानं निघाली. उजव्या सिलचा आवाज बसका का होता, ते तेव्हा कळलं.

बाकीच्या खोडी लहान आहेत. मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडून घडीवर चिरते. गिअर पडेनासे झाले तर बहुधा क्लचचा खालचा छोटा सिलिंडर गळत असतो. थंड इंजिनाची वरून टिकटिक ऐकू येते ती तेलाच्या दाबावर चालणाऱ्या टॅपेटांची. तेल वेळेवर बदललं की ती सहसा कमी होते. अगदी सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत मात्र क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. पट्टा बदलताना तिथला बोल्ट नीट कसला नसेल तर चावीची खाच झिजते आणि पुली डुगडुगते. म्हणून चालू इंजिनासमोर उभं राहून पुलीकडे मिनिटभर टक लावून बघावं. ती एका रेषेत फिरली पाहिजे.

हवा काढणे

गाडी घरी आल्यावर पहिलं काम ब्रेकचं. इतर सगळं थांबू शकतं.

ब्रेकच्या नळीत जे तेल असतं ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर हाच आकडा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबले की कॅलिपर तापतो, ओलं तेल उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. यासाठी साधारण दर दोन वर्षांनी तेल बदलायचं आणि नळीतली हवा काढायची.

या कामाला दोन माणसं लागतात. गाडी जॅकवर घेतल्यावर खाली घोडी लावायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जायचं नाही. पहिल्या वेळी माझी लेक आठ वर्षांची होती. तिला पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून आसन पुरतं पुढे घेतलं आणि पाठीमागे उशी दिली. मी मागच्या चाकाशी, एका हातात छोटा पाना, निपलवर चढवलेली पारदर्शक नळी आणि तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेलं.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव. मी सांगितल्याशिवाय सोडू नकोस.”

पाना पाव फेरा फिरवला. नळीतून चहाच्या रंगाचं तेल धावलं, सोबत मोहरीएवढे बुडबुडे.

“बाबा, पाय खाली जातोय!”

“जाऊ दे. धरूनच ठेव.” पाना घट्ट केला. “आता सोड.”

असं पंधरा-वीस वेळा झालं. मग रंग फिकट होत होत ताज्या तेलासारखा झाला, बुडबुडे थांबले. शेवटच्या वेळी ती आतून ओरडली, “बाबा, आता दगडासारखं लागतंय.” पायाखालचा पोकळपणा आणि घट्टपणा यांतला फरक तिला आठव्या वर्षी कळला. मला तो चाळिशीत कळला.

माझ्या हातून एक चूकही झाली. दुसऱ्या चाकाचं निपल गंजून घट्ट बसलं होतं. मी आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल सोडायला हवं होतं, थांबायला हवं होतं. मी पान्याला नळकांडं लावून जोर केला आणि निपल मुळाशी तुटलं. पूर्ण कॅलिपर बदलावा लागला. या गाडीचे दुरुस्त केलेले जुने कॅलिपर सहज मिळतात, दोन दिवसांत काम झालं आणि खर्च एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाएवढा आला. तेव्हापासून गंजलेल्या बोल्टशी मी घाई करत नाही. कितीला कोणता बोल्ट सैल होतो आणि कितीला तुटतो, हे मनगटाला शिकवायला मला तेवढेच पैसे लागले.

वीस मीटरच्या वळणावर

गाडी नीट झाली की चालवायची. पण कुठे? सार्वजनिक रस्ता ही चूक करायची जागा नव्हे. समोरून येणाऱ्या माणसाने आपल्या शिकण्याला संमती दिलेली नसते.

इंग्लंडमधले मोटार क्लब सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पक्क्या मैदानावर किंवा जुन्या विमानपट्टीवर शंकू मांडून ‘ऑटोसोलो’ नावाची स्पर्धा घेतात; अमेरिकेत असाच ‘ऑटोक्रॉस’ असतो. गाड्या एकमेकींशी झुंजत नाहीत, प्रत्येक गाडी घड्याळाशी स्पर्धा करते. घरून चालवत नेलेली गाडीच स्पर्धेत उतरवायची आणि संध्याकाळी तीच घेऊन घरी यायचं.

इथली गंमत साध्या गणितात आहे. कोरड्या रस्त्यावर साधारण टायर गुरुत्वाकर्षणाच्या आठ दशांशाएवढा आडवा जोर धरू शकतो असं समजा. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा ताशी ४५ किलोमीटरला येते. शंभर मीटर त्रिज्येच्या मोठ्या वळणावर तीच मर्यादा ताशी शंभरला. टायर दोन्हीकडे सारखाच सुटतो, हाताला तीच जाणीव होते. पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दुप्पट वेग म्हणजे चौपट ऊर्जा. शंभराला चुकलात तर दवाखाना, पंचेचाळिसाला चुकलात तर एक रबरी शंकू आडवा. धडा तोच, फी फार वेगळी.

अरुंद टायरांची हलकी गाडी ही मर्यादा हळूहळू दाखवते. वळणाआधी ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढचे टायर जमिनीला घट्ट धरतात आणि नाक वळायला राजी होतं. वळणाच्या मध्यावर घाबरून पाय एकदम उचलला, तर वजन पुन्हा पुढे झेपावतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सुटतो. माझी पहिली गिरकी अशीच झाली. क्षणभर सगळे शंकू डोळ्यांसमोरून आडवे गेले, इंजिन बंद पडलं आणि शांतता झाली. दुसऱ्या फेरीत त्याच जागी मी पाय स्थिर ठेवला. मागची चाकं थोडी सरकली, ते मला पाठीच्या कण्यात कळलं, हातांनी स्टिअरिंग आपोआप उलट दिशेला दिलं आणि गाडी सावरली. पुस्तकात वाचलेलं ‘वजनाचं स्थलांतर’ त्या दिवशी अंगात उतरलं. मांड म्हणजे काय ते तेव्हा थोडं थोडं कळू लागलं.

यासाठी अश्वशक्ती फारशी लागत नाही. चारशे अश्वशक्तीच्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्येच कायद्याची वेगमर्यादा ओलांडली जाते. तिची खरी क्षमता आयुष्यात कधी वापरायला मिळत नाही. या लहान गाडीचं इंजिन शेवटच्या टोकापर्यंत ताणता येतं, प्रत्येक गिअर वापरावा लागतो आणि वेगाचा काटा अजून मर्यादेतच असतो.

पाचशे डॉलरचा नियम

चूक परवडण्याच्या या तत्त्वाचा सगळ्यात स्पष्ट नियम अमेरिकेत लिहिला गेला. २००६मध्ये कॅलिफोर्नियात जे लॅम यांनी ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ ही शर्यत सुरू केली. अट अशी की गाडी पाचशे डॉलरच्या आत बसली पाहिजे. पाचशे डॉलरच्या गाडीचा पत्रा चेपला म्हणून कुणी रडत नाही. सोमवारी ती पुन्हा ठोकूनठाकून सरळ करतात. ज्यांना एरवी शर्यतीचं स्वप्नही परवडलं नसतं अशी शिक्षक, कारकून, विद्यार्थी मंडळी तासन् तास ट्रॅकवर गाडी चालवू लागली.

पण त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. पिंजरा, आसन, सीटबेल्ट, ब्रेक, चाकं, टायर यांचा खर्च पाचशेच्या हिशेबात धरत नाहीत. तिथे हवे तितके पैसे घाला. जीव वाचवणाऱ्या वस्तूंवर काटकसर करण्याचं कुणाला कारणच उरू नये, अशी ही मांडणी आहे. घरच्या जुन्या गाडीलाही मी हाच नियम लावतो. रंग उडालेला चालतो, टप ठिगळाचा चालतो. टायर जुना चालत नाही, मग त्याची नक्षी कितीही खोल असो. रबर वयानेच कडक होतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तो आकडा वाचता येणं हे या छंदातलं पहिलं अक्षर आहे. जुन्या गाडीला घसरताना सावरणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसतं आणि उघड्या गाडीला डोक्यावर छप्पर नसतं, म्हणून आसनांमागे पोलादी कमान बसवून घ्यावी. या जागांवर चूक परवडत नाही. त्या आधी पक्क्या केल्या, की बाकी सगळीकडे चुकायला मोकळीक.

तळ पुढे सरकतो

मी ९०० पौंडांना घेतलेली गाडी आज त्या किमतीला मिळणार नाही. २०१६मध्ये एमएक्स-५च्या उत्पादनाचा आकडा दहा लाखांवर गेला. दोन आसनी, उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये इतकी विक्री दुसऱ्या कुणाचीच नाही. पुढच्या वर्षी माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी कापडी टप, लाकडी स्टिअरिंग, अगदी मूळ धाटणीचे टायरसुद्धा पुन्हा बनवले गेले. कंपनीने तीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त गाडीची अशी काळजी घ्यावी, याचा मला आनंद आहे. पण त्यासोबत एक चिंताही येते. किंमत चढली की मालक गाडी झाकून ठेवतो, बोल्टला हात लावायला कचरतो, शंकूंमध्ये नेत नाही. तिच्यावरची चूक मग परवडेनाशी होते. म्हणून शिकणाऱ्याने तळाच्या मागे जावं. आज तो दुसऱ्या पिढीच्या, १९९८नंतरच्या एमएक्स-५जवळ आहे, टोयोटाच्या शेवटच्या एमआर-२जवळ आहे, उद्या आणखी कुठे असेल.

महाराष्ट्रात एमएक्स-५ अधिकृतपणे कधी आलीच नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची छोटी उघडी गाडी तयार झाली होती, फायबरची बॉडी आणि रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. पण ती फार थोड्यांच्या वाट्याला आली. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी पुढे न्यावी लागते. तरीही या छंदाचं मूळ आपल्या मातीत आहे. माझे हात पहिल्यांदा काळे झाले ते कोल्हापुरात, वडिलांच्या चेतकवर. सकाळी स्कूटर चालू झाली नाही की ती आडवी करायची, तरीही नाही झाली की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून लावायचा. भाग मिळत नसेल तर उद्यमनगरात जुना तुकडा दाखवून लेथवर नवा बुश कातून घ्यायचा. चूक झाली तर वडील म्हणायचे, “परत उघड.” तोच धडा मी परदेशात पुढे चालवतोय. एखादी जुनी यझदी, पद्मिनी किंवा मारुती ८०० घेऊन तो कुठल्याही तालुक्याच्या गावी गिरवता येईल.

मागच्या वर्षी एमओटीच्या आदल्या दिवशी मी गाडीखाली होतो. लेक आता वीस वर्षांची आहे. बाहेरून ठोक्यांचा आवाज येऊ लागला. टण्, टण्, टण्. तिने न सांगता स्क्रू ड्रायव्हर घेतला होता आणि पुढून मागे येत होती. उजव्या बाजूला आम्ही तीन वर्षांपूर्वी नवा पत्रा लावला होता, तो खणखणीत वाजला. मग ती डावीकडे गेली, जी बाजू मी खरेदीच्या दिवसापासून चांगली धरून चाललो होतो. शेवटच्या वितीवर ठोका थांबला. तिने तिथेच पुन्हा दोनदा मारून पाहिलं.

“बाबा, इकडचा आवाज ऐका. इथे नळी तुंबलीय.”

मी गाडीखालून बाहेर आलो आणि तांब्या आणायला घरात गेलो.